लावलास का दिवा?

पप्पा,

आज शुक्रवार. उद्या तुम्हाला जाऊन आठवडा होईल. मी तुमच्याच घरात, नाशिक रोडच्या या दोन खोल्यांत, जमिनीवर गादी टाकून बसले आहे. आरशावर चादर टाकली आहे. गळ्याशी फाडलेला कुडता अजून अंगावर आहे. आपल्या ज्यू लोकांत ज्याचं माणूस गेलं त्याने सात दिवस असं बसायचं असतं. मी ते करते आहे याचंच शेजारच्या, रेल्वेत तुमच्याबरोबर असलेल्या साळवे काकांना नवल वाटतंय, कारण तुमची नोमी आणि रीतभात यांचा छत्तीसचा आकडा अख्ख्या कॉलनीला ठाऊक आहे.

सूर्य मावळायला अजून दोन-सव्वादोन तास आहेत. तो मावळला की शब्बाथ, आपला शनिवारचा विसाव्याचा दिवस, लागेल आणि मग लिहायचं नसतं. शब्बाथ लागला की शोक करणाऱ्यालाही जमिनीवरून उठावं लागतं, धुतलेले कपडे घालून खुर्चीवर बसावं लागतं, दिवा लावावा लागतो. तुमच्या देवाने रडण्यालासुद्धा वेळापत्रक लावून दिलंय. तुम्ही रेल्वेतले, तुम्हाला ते पटायचं. मला आज उठायचं का नाही, दिवा लावायचा का नाही, तेच ठरत नाहीये. म्हणून लिहायला बसले.

मला एकच विचारायचंय. शनिवारी सकाळी तुम्ही मला तीन वेळा फोन केलात आणि माझा फोन बंद होता. जाताना तुम्हाला काय वाटलं, पप्पा?

मम्मी गेल्यापासून दर शुक्रवारी, सूर्यास्ताच्या आधी, तुमचा फोन यायचा. मी वर्गात असो, बाजारात असो, गोदावरीच्या पुलावर ट्रॅफिकमध्ये अडकलेली असो. "लावलास का दिवा?" एवढंच विचारायचात. मी म्हणायचे, "नाही पप्पा." तुम्ही म्हणायचात, "बरं. शब्बाथ शालोम." रागावणं नाही, उपदेश नाही. मग तुम्ही तो फोन बंद करायचात, मम्मीच्या हातरुमालात गुंडाळायचात आणि कपाटाच्या खणात ठेवून द्यायचात, तो थेट शनिवारी आभाळात तीन चांदण्या दिसेपर्यंत. अकरा वर्षं हे चाललं. पालथ्या घड्यावर इतकं पाणी दुसऱ्या कोणी घातलं नसेल.

मम्मीचे काचेचे दोन दिवे होते. पेल्यासारखे, खाली पाणी, वर खोबरेल तेल, त्यात वात. एक तुम्ही ठेवलात, एक मला दिलात. माझा पंचवटीतल्या फ्लॅटच्या माळ्यावर, वर्तमानपत्रात गुंडाळून, परीक्षेच्या जुन्या पेपरांच्या गठ्ठ्यामागे पडला होता. मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते, एकटी राहते, मला दिवा कशाला लागतो, असं मी म्हणायचे. तुम्ही म्हणायचात, "एकटी राहतेस म्हणूनच."

महिन्याभरापूर्वी तुम्ही माझ्याकडे आला होतात. दोन जिने चढून दारात उभे राहिलात आणि किती तरी वेळ बोलताच येईना. पाणी प्यायलात आणि श्वास लागलेला असतानाच म्हणालात, "नोमी, एकदाच. एक शब्बाथ पाळून बघ. नाही आवडला तर पुन्हा कधी विचारणार नाही." मी म्हणाले, "आधी डॉक्टरांकडे चला, मग देवाकडे बघू." तुम्ही हसलात. डॉक्टरांकडे आला नाहीत आणि मीही हट्ट धरला नाही. ते एक वेगळंच शल्य आहे, त्याबद्दल आज लिहीत नाही.

पण ते 'पुन्हा कधी विचारणार नाही' माझ्या डोक्यातून जाईना. शुक्रवारी तुमचा फोन आला नाही तर कसं वाटेल हे मी मनात करून बघितलं आणि मला ते सहन झालं नाही. म्हणून गेल्या शुक्रवारी मी माळ्यावर चढले. काच धुतली. तुम्ही करता तसे काळे मनुके सकाळीच भिजत घातले, दुपारी कुस्करून गाळून सरबत केलं. आयुष्यभर तुमची त्यावरून चेष्टा केली होती, की जगभरचे लोक वाइन प्यायला नाशिकला येतात आणि आपण इथे मनुक्याचं पाणी पिऊन देवाचे आभार मानतो. रविवारी तुमच्याकडे यायचं, पिशवीतून ती काजळी धरलेली काच काढायची आणि काही न बोलता तुमच्यापुढे ठेवायची, असं ठरवलं होतं. तुमचा चेहरा कसा होईल ते मी मनात दहा वेळा बघून ठेवलं होतं.

आणि मग तुमचा फोन आला. वात तेलात सोडलेली होती, काडेपेटी हातात होती. "लावलास का दिवा?"

मी काय म्हणाले, पप्पा? गंमत बिघडू नये म्हणून नेहमीपेक्षा जास्तच चिडल्याचं सोंग केलं. "नाही हो पप्पा. किती वेळा तेच तेच विचाराल?" तुम्ही मग म्हणालात, "बरं. शब्बाथ शालोम." मी फोन ठेवला, काडी ओढली, दिवा लावला आणि तुमच्यासारखाच फोन बंद करून खणात टाकला.

तुम्ही माझ्या तोंडून ऐकलेलं शेवटचं वाक्य ते आहे. ते खोटं होतं आणि ते मागे घ्यायला मला जागा उरलेली नाही.

शनिवारी दुपारी बाराला साळवे काकांच्या सुनेने माझी बेल वाजवली. ती रिक्षाने आली होती. दार उघडलं तर ती रडत होती आणि मी, पप्पा, मी प्रसन्न होते. हे मला सांगायलाच हवं. सकाळपासून मी खिडकीत बसून होते. कोणी बोलावत नव्हतं, काही करायचं नव्हतं. नऊ-साडेनऊला मला असं वाटलं होतं, की तुम्ही म्हणता ते थोडंसं कळतंय. तेव्हा इथे, या खुर्चीत, तुम्ही जाऊन तीन तास झाले होते. मला तुमचा देव कळायला लागला तो नेमका त्या वेळी. करायला गेले एक आणि झालं भलतंच, असं लोक दूध उतू गेल्यावर म्हणतात. याला काय म्हणायचं?

तुमच्या फोनमध्ये मी नंतर बघितलं. सहा वाजून बारा मिनिटं, नोमी. सहा तेरा, नोमी. मग सहा एकोणीस, नोमी. डॉक्टर म्हणाले, सहा ते सातच्या दरम्यान, झटका मोठा होता. ज्या माणसाने मला आठवतंय तेव्हापासून शनिवारी विजेच्या बटणाला हात लावला नाही, त्याने खण उघडला, रुमाल सोडला, फोन चालू केला. कोणासाठी, तर 'किती वेळा तेच तेच विचाराल' म्हणणाऱ्या मुलीसाठी. आणि त्या एका शनिवारी ती मुलगी तुमचा शब्बाथ पाळत बसली होती.

असा कसा तुमचा देव? मी त्याला अकरा वर्षं नाही म्हटलं तेव्हा माझा फोन चोवीस तास चालू होता. एकदा हो म्हटलं आणि त्याने हे केलं. याच्यापुढे मी वात लावू?

भांडत तर मी लहानपणापासून होते. सोळा-सतरा वर्षांची असताना मी तुम्हाला विचारलं होतं, की माशाला खवले आहेत का नाहीत याच्याशी देवाला काय करायचंय. तुम्ही जेवत होतात. म्हणालात, "देवाला काही करायचं नाही. मला करायचंय. ताटापुढे क्षणभर थांबावं लागतं ना, हे खाऊ का नको म्हणून? तेवढ्यात त्याची आठवण होते. तुम्ही लोक न थांबता जेवता." मी म्हणाले, आधी तो आहे हे तरी सिद्ध करा, मग पाळते. तुम्ही म्हणालात, "आधी समजू दे मग पाळीन म्हणशील तर जन्म जाईल. नदीच्या काठावर उभं राहून पोहणं शिकलेला कोणी बघितलायस? पाळत जा. कळायचं तेवढं कळेल." तो वाद आपला पुढे तीस वर्षं चालला आणि मला वाटायचं तो अजून तीस वर्षं पुरेल.

एकदा मी तुम्हाला कोंडीत पकडलं होतं. रिटायर झाल्यावर. "इतकी वर्षं पाळलंत, पप्पा. अख्ख्या नोकरीत रविवारची ड्यूटी केलीत, दिवाळीची केलीत, साळवे काकांना सगळ्या सुट्ट्या देऊन टाकल्यात, कशासाठी, तर शनिवार मोकळा मिळावा म्हणून. मग कळला का देव?" तुम्ही चष्मा काढून पुसायला घेतलात. मला वाटलं जिंकले. मग म्हणालात, "कधी कधी शनिवारी दुपारी साडेतीनच्या सुमाराला असं वाटतं, की घरात कोणीतरी शांत बसलंय. मग खाली भंगारवाला ओरडतो." आणि स्वतःच खो खो हसत सुटलात. मीही हसले. त्या दिवशी मी तुम्हाला पुढे काही विचारायला हवं होतं.

आणि तो स्कूटरचा शनिवार. मी दहा वर्षांची असेन. साळवे काकूंना दम्याचा झटका आला, काका ड्यूटीवर. काकूंचे ओठ निळे पडलेले. तुम्ही प्रार्थनेचं पुस्तक मिटलंत, खिळ्यावरची किल्ली घेतलीत आणि स्कूटर काढलीत. मी मागून ओरडले, "पप्पा, शनिवार आहे!" तुम्ही वळूनसुद्धा पाहिलं नाहीत. दोन तासांनी परत आलात, किल्ली खिळ्याला लावलीत, हात धुतलेत आणि जिथे सोडलं होतं तिथून पुढे वाचायला बसलात. मी विचारलं, "मोडला ना आज?" तुम्ही म्हणालात, "जिवासाठी मोडला तर त्याला मोडला म्हणत नाहीत, पोरी. जीव आधी. त्याचंच सांगणं आहे ते."

म्हणूनच मला हे समजत नाही. छातीत कळ आली तर शब्बाथ आड येत नाही हे तुमच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? साळवे काका भिंतीपलीकडे झोपलेले होते. भिंतीवर हात मारला असता तरी धावत आले असते. त्यांचा नंबर तुमच्या फोनमध्ये माझ्या नंबराच्या खालीच आहे. त्यांना का नाही बोलावलंत? पंचवटीतून मी किती वेळात पोचले असते, अर्धा तास, चाळीस मिनिटं? माझा फोन लागला नाही तेव्हा सहा तेरा ते सहा एकोणीस, ही सहा मिनिटं तुम्ही काय केलंत? पाच दिवस मी या सहा मिनिटांत राहते आहे. रविवारी घाट उतरून तुम्हाला ठाण्याच्या आपल्या कब्रस्तानात नेलं, तिथल्या माणसांनी प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष जमवले, गेलेल्यासाठीचा कद्दिश म्हटला, माती पडली, आणि मी तेव्हाही घड्याळ मोजत होते. मला वाटतं, त्या सहा मिनिटांत तुम्ही म्हणाला असाल, हिने मुद्दाम बंद केला. किती वेळा तेच तेच विचाराल म्हणाली आणि बंदच करून टाकला. असं वाटून तुम्ही गेला असाल तर मी कुठे जाऊ?

साळवे काकांची वेगळीच तऱ्हा. ते रोज येऊन दारापाशी बसतात. दर शनिवारी दहाला ते तुमच्याकडे यायचे, न विचारता पंखा लावायचे, कारण तुम्ही बटण दाबणार नाही आणि 'लाव' असंही म्हणणार नाही. त्यांना तेच खातंय. "मी दहालाच आलो पोरी, नेहमीसारखा. पंखा लावला, म्हटलं, सामूभाऊ, आज लय उकडतंय. तरी बोलंना. मला वाटलं प्रार्थनेत हाय. पाच मिनटं मी समोर बसून राहिलो गं." असं म्हणून ते पंच्याने तोंड झाकतात. मी त्यांना समजावते, की दहाला काय आणि पावणेदहाला काय. दुसऱ्याला समजावणं सोपं असतं.

आज दुपारी त्यांच्या सुनेने भाकरी आणि पिठलं आणून ठेवलं, ते घेऊन काका आले आणि असंच बोलता बोलता म्हणाले, "तुझा नंबर हवा म्हणून फोन हुडकत सगळं घर पालथं घातलं मी. कुठं असावा? खणात. रुमालात बांधून, बंद करून, नेहमीच्या जागी. म्हटलं, ह्यानं हातच लावला नाय फोनला. मग चालू करून बघतो तर तुला तीनदा लावलेला."

मी घास तसाच धरून बसले. "काका, खणात? खुर्चीजवळ नाही?"

"खणात. रुमालाला गाठसुद्धा मारलेली. मीच सोडली की."

ते गेल्यावर मी उठले. तुमच्या खुर्चीपासून कपाट पाच पावलं आहे. जीव वाचवायला धडपडणारा माणूस फोन टाकून देतो, हातात घट्ट धरतो, फरशीवर पडू देतो. तो फोन बंद करून रुमालाला गाठ मारत नाही. प्रार्थनेचं पुस्तक मांडीवर घेऊन खिडकीकडे तोंड करून बसत नाही.

मग मी एक वेडेपणा केला. माझा फोन बंद केला. तुमचा चालू केला, तुमच्या खुर्चीत बसले, जमिनीवर बसायचे दिवस असताना बसले, आणि माझा नंबर लावला. तुम्ही काय ऐकलंत ते मला ऐकायचं होतं. ती बाई म्हणाली, तुम्ही डायल केलेला नंबर सध्या बंद आहे. पुन्हा लावला. सध्या बंद आहे.

दोनदा ऐकून मी फोन मांडीवर ठेवला आणि तुमच्यासारखी खिडकीकडे बघत बसले. बंद. माझा फोन आयुष्यात कधी बंद नसतो, यावरून तुम्हीच मला बोलायचात, की झोपेतसुद्धा उशाशी ते यंत्र. उचलत नाही असं व्हायचं, बिझी असायचा, बंद कधीच नाही. आणि वार कुठला? शनिवार. अख्ख्या नाशिकमध्ये शनिवारी सकाळी फोन बंद आहे हे ऐकून दुसऱ्या कोणाला काळजी वाटली असती. तुम्ही एकटेच होतात, पप्पा, ज्यांना त्याचा अर्थ माहीत होता.

ती सहा मिनिटं तुम्ही हाच विचार करत होतात का, की नोमीने शब्बाथ धरलाय? आणि तिसऱ्यांदा फोन केलात तो मदतीसाठी नाही, खात्री करायला? पुन्हा एकदा ऐकावं म्हणून? आणि मग तुम्हीही तो बंद करून जागेवर ठेवलात?

मला माहीत नाही. मी शास्त्र शिकवणारी बाई आहे, मला कळतं की मला हवं तसं मी जुळवते आहे. कदाचित तुम्हाला फक्त दुखत होतं आणि हाताला सवय होती म्हणून गाठ मारली गेली. कदाचित तुम्ही माझ्यावर रुसून गेलात. हे मला कोणी सांगणार नाही, तुम्ही नाही आणि तोही नाही. आणि काही का असेना, माझा फोन चालू असता तर तुमचा आवाज एकदा तरी ऐकू आला असता. हे जन्मभर पुरणार आहे, त्यावर कुठलाच दिवा उतारा नाही. मला देव कळला नाही, पप्पा. त्याचा राग मात्र इतका येतोय, की तो नसता तर एवढा राग कोणावर आला असता असं वाटायला लागलंय.

ऊन समोरच्या इमारतीच्या टाकीवर गेलं आहे. तुम्ही सूर्यास्ताच्या अठरा मिनिटं आधी काडी ओढायचात, रेल्वे चुकेल पण तुम्ही नाही. म्हणजे आता दहा-बारा मिनिटं राहिली. मी मघाशी कपडे बदलले. तुमचा दिवा आणि माझा, दोन्ही टेबलावर ठेवले आहेत. तुमच्या काचेत तुम्ही घातलेलं तेल तळाशी अजून आहे, त्यातच नवीन ओतलं. थोडं टेबलावर सांडलं.

माझा फोन मी बंद करणार नाही. तो दिव्याशेजारी राहील, आवाज पूर्ण वाढवून. साळवे काकांना सांगून आले आहे, की मधुमेहाने चक्कर आली, छातीत दुखलं, नुसतं भ्यायला झालं तरी फोन करा, भिंत वाजवा, शनिवार बघू नका. ते म्हणाले, "चालतंय का तुमच्यात?" मी म्हणाले, "जीव आधी, काका. आमच्यात तसंच आहे."

आता लिहिणं थांबवायला हवं. या वेळेला तुमचा फोन यायचा. मी मघापासून त्याच्याकडे बघते आहे. येणार नाही हे ठाऊक असून बघते आहे. तुम्ही विचारायचात ते मीच मोठ्याने विचारलं आणि या रिकाम्या खोलीत उत्तरही दिलं. इथेही लिहून ठेवते.

हो, पप्पा. गेल्या शुक्रवारीसुद्धा लावला होता.